कुमार गंधर्वांचें पुनरागमन

यश हातीं येऊन निसटलें आणि पुन्हां लाभलें, असें एखाद्या कलावंताचें चरित्र ऐकलें म्हणजे ‘गेलेलें वैभव परत आलें’ असें आपण सहज म्हणून जातों. परंतु गेलेलें तसेंच्या तसें कधीं परत येतें काय? पंडित कुमार गंधर्वांच्या आयुष्याचा विचार करतांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी येथें ८ एप्रिल १९२४ रोजीं जन्मलेला शिवपुत्र कोमकळी बालपणींच ‘कुमार गंधर्व’ म्हणून गाजला. मोठमोठ्या गवयांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून तो तानाहरकतींसह हुबेहूब गाऊन दाखवी. पुढें मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यापाशीं त्याचें शिक्षण झालें. विष्णु दिगंबरांचे शिष्य असूनही देवधर कोणत्याही घराण्याच्या गुणांचें मोकळेपणानें स्वागत करीत. कीर्ति वाढत होती. १९४७ सालीं भानुमती कंस यांच्याशीं विवाह झाला. आणि त्याच सुमारास क्षयानें गांठलें.

३० जानेवारी १९४८ रोजीं, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशीं, हें जोडपें कोरड्या हवेसाठीं माळव्यांतील देवासला आलें. इंग्रजी वाचकांस फॉर्स्टरमुळें परिचित असलेलें हेंच तें पवारांचें देवास. गाण्याची सक्त मनाई झाली. तोंवर क्षयावर खात्रीचें औषध नव्हतें. १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलेलें स्ट्रेप्टोमायसिन नुकतेंच उपलब्ध होऊं लागलें होतें. या नव्या औषधानें आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेनें प्राण वांचले. परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालें.

गवयाला गातां येत नव्हतें, पण ऐकतां येत होतें. अंथरुणाशीं खिळलेल्या कुमारांच्या कानीं माळव्यांतील बायाबापड्यांचीं गाणीं पडत. चार-पांच स्वरांच्या त्या धुनांत रागांचें बीज आहे, हें त्यांस तेथें उमगलें. त्यांतूनच ‘मालवती’, ‘लगनगंधार’, ‘सहेली तोडी’ यांसारखे राग निपजले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथांत त्यांच्या बंदिशींचा संग्रह झाला.

सुमारें पांच वर्षांच्या मौनानंतर, १९५३ च्या सुमारास, ते मैफलींत परतले, तेव्हां गाणें अगदींच पालटलें होतें. लांब पल्ल्याच्या दमाऐवजीं लहान, धारदार स्वरवाक्यें. आणि त्यांच्यामध्यें अर्थपूर्ण विसांवा. कांहीं जाणत्यांस तें रुचलें नाहीं. विलंबित ख्यालाचा संथ विस्तार गेला, घराण्याची शिस्त मोडली, असे आक्षेप निघाले. ते अगदींच निराधार होते असें मला वाटत नाहीं. कांहीं तरी खरोखरच हरवलें होतें. परंतु जें हरवलें तें झांकण्याची धडपड कुमारांनीं केली नाहीं. अपुऱ्या श्वासालाच त्यांनीं गायकीचा नियम केलें. ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम आणि निर्गुणी भजनें हीं त्याच दुसऱ्या जन्माचीं फळें होत.

या दोन जन्मांतील अंतर एका नांवांत सांठलें आहे. बालगंधर्वांचीं पदें ते पुढें गायले, तेव्हां त्या कार्यक्रमास त्यांनीं नांव दिलें, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ज्या मुलानें तबकडींतील गाणें जसेंच्या तसें उचललें होतें, तोच आतां दुसऱ्याचें गाणें गातांना ‘मला उमजलेले’ असें म्हणत होता. १२ जानेवारी १९९२ रोजीं देवासलाच त्यांचें निधन झालें. आजाऱ्याचा मुक्काम म्हणून पत्करलेलें तें गांव तोंवर त्यांचें घर झालें होतें.