मराठवाडा विद्यापीठ : स्थापना आणि नामविस्तार

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे आणि 1918 साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्यामुळे, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इतिहासापासून विज्ञानापर्यंतचे सर्व विषय परक्या भाषेतून आत्मसात करावे लागत. 1938 साली तेथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी संप केला. त्यांपैकी अनेकांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला.

सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईने, म्हणजेच हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या लष्करी मोहिमेने, ही राजवट संपली. त्यानंतर 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची खरी सुरुवात येथूनच मानली पाहिजे, कारण खेड्यांतील दलित मुलांना पदवीची वाट प्रथम नागसेनवनाने, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसराने, मोकळी करून दिली. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, स्वतंत्र विद्यापीठाच्या मागणीला बळ मिळाले आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सं. रा. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये विद्यापीठाला संलग्न झाली, म्हणजे त्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या यांची जबाबदारी विद्यापीठाकडे आली.

विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न मात्र पुढे वीस वर्षांनी उभा राहिला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी संमत केला आणि लगेच मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. ज्यांच्या शिक्षणाने या प्रदेशाची प्रतिष्ठा वाढवली त्यांच्याच घरांवर हा हल्ला झाला, हा मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनावरील कलंक आहे. नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला आणि अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार, म्हणजे जुने नाव कायम ठेवून त्याला नवे नाव जोडण्याचा निर्णय, अमलात येऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ स्थापन झाले आणि एकेकाळी पदवीसाठी हैदराबाद गाठणाऱ्या या प्रदेशाला आपली दोन विद्यापीठे मिळाली.