सोमालिया : सरकार राजधानीत, वसुली गावोगावी

सोमालियाचं नाव आपल्याकडे निघतं ते बहुतेक वेळा समुद्री चाच्यांमुळे. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने सुमारे ४० तासांची कारवाई करून 'रुएन' या मालवाहू जहाजावरचे १७ खलाशी सोडवले. शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. मात्र चाचेगिरी हे या देशाच्या दुखण्याचं फक्त समुद्रातून दिसणारं टोक आहे. खरा पेच जमिनीवर आहे.

१९६० मध्ये ब्रिटिश आणि इटालियन वसाहती एकत्र येऊन हा देश झाला. १९६९ मध्ये लष्करी उठाव करून सियाद बारे सत्तेवर आले. इथिओपियाच्या ओगादेन प्रांतासाठी १९७७-७८ मध्ये त्यांनी केलेलं युद्ध अंगलट आलं आणि १९९१ मध्ये त्यांची राजवट कोसळली. त्याच वर्षी उत्तरेकडच्या सोमालीलँडने वेगळी चूल मांडली. उरलेल्या भागात कुळांच्या टोळ्यांचं राज्य सुरू झालं. ऑक्टोबर १९९३ च्या मोगादिशूतल्या चकमकीत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले आणि पुढे अमेरिकेने काढता पाय घेतला. त्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारताची ६६ वी स्वतंत्र ब्रिगेडही तिथे होती, हे आज फारसं कोणाला आठवत नाही.

सध्याच्या संकटाच्या केंद्रस्थानी अल-शबाब आहे. शरिया न्यायालयांच्या संघटनेने २००६ मध्ये मोगादिशू ताब्यात घेतलं, तिची ही तरुणांची शाखा. वर्षाअखेरीस इथिओपियाचं सैन्य घुसलं, न्यायालयांची संघटना मोडली. पण परक्या फौजेविरुद्धच्या संतापावर शबाब पोसली गेली. २०११ मध्ये ती राजधानीतून मागे हटली, २०१२ मध्ये अल-कायदात सामील झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोगादिशूत झालेल्या ट्रकबॉम्ब स्फोटात ५०० हून अधिक माणसं गेली. केनियातला वेस्टगेट मॉल आणि गारिसा विद्यापीठ इथले हल्लेही तिचेच.

पण निव्वळ बॉम्बवर कोणी इतकी वर्षं टिकत नाही. शबाबची खरी ताकद वसुलीत आहे. रस्त्यावरच्या तिच्या नाक्यावर ट्रकवाल्याने पैसे भरले की पावती मिळते आणि पुढच्या नाक्यावर ती चालते. सरकारी किंवा टोळ्यांच्या नाक्यांवर मात्र दर वेळी खिशात हात घालावा लागतो. जनावरं, पीक, बांधकाम, इतकंच काय, सरकारच्या ताब्यातल्या मोगादिशू बंदरात उतरणारा माल, यातलं काहीच सुटत नाही. जमिनीच्या तंट्यासाठी राजधानीतली माणसं शहराबाहेर शबाबच्या न्यायालयात जातात. तिथे निकाल लवकर लागतो आणि तो मोडायची कोणाची छाती होत नाही. हे प्रेम नव्हे, धाक आहे. तरीही सरकारला जे जमलं नाही ते ती करते, ही अडचणीची गोष्ट आहे.

लोक उठलेच नाहीत असंही नाही. २०२२ मध्ये हिरान भागात वसुलीला वैतागलेल्या गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या. त्यांना 'मआविस्ले' म्हणतात, म्हणजे लुंगीवाले. सैन्याने त्यांना साथ दिली, बराच मुलूख सुटला. पण मिळवलेली गावं राखायला ना पोलीस आले, ना शाळा-दवाखाने. एप्रिल २०२५ मध्ये शबाबने आदन याबाल हे मोक्याचं गाव परत घेतलं. त्याच्या महिनाभर आधी राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्याजवळच स्फोट झाला होता.

राजकारणाचं सूत्र 'साडेचार'चं आहे. चार मोठ्या कुळांना समान वाटा आणि बाकी सगळ्यांना मिळून अर्धा. खासदार थेट मतदानाने येत नाहीत; कुळांचे प्रतिनिधी त्यांना निवडतात आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडतात. मे २०२२ मध्ये हसन शेख मोहमूद दुसऱ्यांदा निवडून आले, ते मोगादिशू विमानतळाच्या कडेकोट बंदोबस्तातल्या आवारात. आधीचे अध्यक्ष फर्माजो यांची मुदत वाढवण्याच्या खटपटीतून २०२१ मध्ये राजधानीतच सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

मोहमूद यांना 'एक माणूस, एक मत' हवं आहे. ऐकायला सरळ वाटतं. पण मार्च २०२४ मध्ये घटनादुरुस्ती होताच पुंटलँडने केंद्राला मान्यता नाकारली. वर्षाअखेरीस जुबालँडच्या निवडणुकीवरून रास कांबोनीत केंद्राची आणि प्रांताची फौज आपसांतच भिडली. शबाबशी लढायला जी कुमक लागते, ती अशी घरातल्या भांडणात खर्ची पडते.

बाहेरचा आधारही पातळ होत चालला आहे. आफ्रिकी संघाच्या फौजा २००७ पासून तिथे आहेत. मोहिमेचं नाव तिसऱ्यांदा ठेवलं गेलं, नवी मोहीम जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. पण पगाराला पैसा कुठून आणायचा हा घोळ पहिल्या दिवसापासून आहे. त्यातच १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाने समुद्राची वाट मिळवण्यासाठी सोमालीलँडशी परस्पर करार केला आणि मोगादिशू खवळलं. डिसेंबरात तुर्कीने अंकाऱ्यात दोघांना एकत्र बसवून हा वाद तात्पुरता शमवला.

चाचेगिरीनेही याच पोकळीत पुन्हा डोकं वर काढलं. २०११ च्या सुमारास भारतीय नौदलाने शंभराहून अधिक चाचे पकडून मुंबईत आणले, तेव्हा चाचेगिरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. तो २०२२ मध्ये झाला आणि 'रुएन'वरच्या ३५ जणांवर त्याच्याच आधारे गुन्हा दाखल झाला.