शनिवारची साखळी, रविवारची मैत्री

'मैत्रीपूर्ण लढत' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकाला नवा नाही. एकाच आघाडीतील दोन पक्ष एकाच मतदारसंघात परस्परांविरुद्ध उमेदवार उभे करतात, तेव्हा त्या लढतीला हे नाव मिळते आणि वाचक मनातल्या मनात हसतो. त्यात मैत्री किती आणि लढत किती, हे त्याला ठाऊक असते. इंग्लंडमधील खेडेगावांच्या क्रिकेट क्लबांचा इतिहास वाचताना आम्हाला या शब्दाची वारंवार आठवण झाली. तेथे आठवड्याची अखेर दोन प्रकारच्या सामन्यांत विभागली गेली आहे: शनिवारी साखळी स्पर्धेतील सामना, रविवारी मैत्रीचा सामना. ही विभागणी वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यात इंग्रजी समाजाचा दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि इंग्रजी साहित्याने त्या इतिहासाचा अर्धाच भाग लिहिला आहे.

प्रथम या दोन दिवसांचे स्वरूप पाहू. मैदान तेच, रूळ तोच, खेळाडूंच्या खोलीमागे चहाचे टेबलही तेच. बदलतात ती माणसे आणि त्यांचा हेतू. शनिवारी कर्णधार गावातील सर्वोत्तम अकरा जण निवडतो. सामन्याच्या निकालाचे गुण होतात, गुणांचा तक्ता होतो, आणि तक्त्याच्या तळाशी राहिलेल्या क्लबाला पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत जावे लागते. रविवारच्या संघात शाळकरी मुलगा असतो, साठी उलटलेला यष्टिरक्षक असतो, कोणाचा तरी पाहुणा म्हणून आलेला मेहुणाही असतो. या सामन्याला परंपरेने षटकांची मर्यादा नसते, घड्याळाची असते. पहिला संघ किती वेळ खेळणार आणि डाव केव्हा घोषित करणार, हे सर्वस्वी त्याच्या कर्णधाराच्या विवेकावर सोपवलेले असते.

हे दोन्ही दिवस खेळासाठी आपोआप मोकळे झालेले नाहीत. रविवारच्या क्रिकेटची एक जुनी नोंद गुन्ह्याची आहे. 1622 साली ससेक्समधील बॉक्सग्रोव्ह येथे काही गावकऱ्यांवर रविवारी चर्चच्या आवारात क्रिकेट खेळल्याबद्दल कारवाई झाली. पवित्र दिवसाचा भंग, खिडक्यांना धोका आणि जवळच्या एका लहान मुलाच्या जिवाला धोका, असे आक्षेप होते. शनिवारची दुपार तर कायद्याने निर्माण केली. 1850च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवण्याचे बंधन आले. त्यांच्याविना यंत्रे चालवणे अवघड असल्याने पुरुष कामगारांनाही हळूहळू ती दुपार मिळाली. खेड्यातील क्लबाचा जो शनिवार आज सनातन वाटतो, तो मुळात गिरणीच्या भोंग्याने दिलेला आहे.

आता मैत्रीकडे येऊ. खेडेगावच्या क्रिकेटचे आद्यपीठ म्हणून हॅम्पशायरमधील हॅम्बल्डनचे नाव घेतले जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ब्रॉडहाफपेनी डाउन या माळावर गावकरी, कारागीर आणि उमराव एकत्र जमत. रिचर्ड नायरन हा माळासमोरील खानावळीचा मालक, आणि तोच संघाचा सूत्रधार. त्याचा मुलगा जॉन नायरन याच्या आठवणींचे पुस्तक 1833 साली प्रसिद्ध झाले आणि हॅम्बल्डनभोवती सुवर्णयुगाचे वलय निर्माण झाले. हे सामने मात्र पैजेचे होते. 1777 साली हॅम्बल्डनने उर्वरित इंग्लंडच्या संघाला एक डाव आणि 168 धावांनी हरवले. जेम्स आयलवर्डने त्यात 167 धावा काढल्या. त्या सामन्यावर हजार गिनींची पैज होती. आश्रय देणारे धनिक लंडनकडे वळले, 1787 साली मेरिलबोन क्रिकेट क्लबची स्थापना झाली आणि काही वर्षांत हॅम्बल्डनचे वैभव ओसरले. ज्या गावाला आपण निर्व्याज खेळाचे माहेर मानतो, तेथे खेळाचा प्राण पैशात होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

मग 'निर्व्याज खेडे' आले कोठून? आमच्या मते ते साहित्यातून आले. मेरी रसेल मिटफर्ड या लेखिकेने बर्कशायरमधील थ्री माइल क्रॉस या आपल्या गावाची शब्दचित्रे लिहिली. त्यांचा पहिला खंड 1824 साली आला. त्यातील गावच्या क्रिकेट सामन्यावरील लेखात तिने आरंभीच एक सीमारेषा आखली आहे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर रोख पैशासाठी खेळले जाणारे सामने तिला नकोत. दोन शेजारगावांतील चुरस तिला हवी आहे. पैसा आणि आनंद, धंदा आणि मैत्री, अशी जी जोडी पुढे शंभर वर्षे इंग्रजी लेखनात फिरत राहिली, ती येथे स्पष्ट दिसते. हे चित्र ज्या काळात रेखाटले गेले, तो काळ सामायिक कुरणांना कुंपणे पडण्याचा आणि शेतमजुरांच्या हलाखीचा होता. 1830 साली दक्षिण इंग्लंडमधील मजुरांनी मळणीयंत्रे फोडली. अशा काळात हिरवळीवर सर्व गाव एकत्र आल्याचे दृश्य किती दिलासा देणारे ठरले असेल, याची कल्पना वाचक करू शकतील.

साखळीचा जन्म या हिरवळीवर झाला नाही. 1888 साली बर्मिंगहॅम परिसरातील क्लबांनी साखळी स्थापन केली. त्याच वर्षी फुटबॉलची साखळीही सुरू झाली. 1892 साली लँकेशायर लीग आली. तिचे सभासद क्लब म्हणजे नेल्सन, हॅस्लिंग्डन, रिश्टन, रॉटनस्टॉल यांसारखी कापडाची गावे. मुंबईकर वाचकाला त्यांचे वर्णन एका शब्दात सांगता येईल: गिरणगाव. शनिवारची दुपार मोकळी, आगगाडीने शेजारच्या गावी जाणे सोपे, आणि तिकीट काढून सामना पाहणारा कामगारवर्ग. प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवी. बाकीचे दहा जण गावचे. त्याने अर्धशतक काढले की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि पेन्स-शिलिंग जमा होत. मिटफर्डने ज्या पैशाला वेशीबाहेर ठेवले, तो येथे उघड्यावर, मोजून, सर्वांदेखत दिला जाई.

दक्षिण इंग्लंडने या पद्धतीकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. 1915 साली स्थापन झालेल्या आणि पुढे क्लब क्रिकेट कॉन्फरन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेचे धोरण अनेक दशके साखळी स्पर्धांच्या विरोधात होते. गुणांसाठी खेळल्याने खेळातील सौजन्य लोपते, असा युक्तिवाद केला जाई. तो अगदी खोटा नव्हता. पण त्याला दुसरी बाजू होती. मैत्रीचे सामने ठरत ते चिटणीसांच्या पत्रव्यवहारातून. कोणी कोणाला बोलवायचे, हे जुने संबंध, शाळा, हुद्दा आणि मैदानाचा थाट पाहून ठरे. एखाद्या छोट्या गावाचा संघ कितीही चांगला खेळला, तरी प्रतिष्ठित क्लबाच्या वेळापत्रकात त्याला जागा मिळेलच, अशी खात्री नव्हती. मैत्रीला निमंत्रण लागते. गुणतक्त्याला लागत नाही. ज्याला वर जायचे आहे त्याच्यासाठी साखळी ही शिडी असते, ही साधी गोष्ट सौजन्याच्या युक्तिवादात दडून राहिली.

साहित्याकडे पुन्हा वळल्यावर चित्र अधिक स्पष्ट होते. ह्यू द सेलिनकोर्टची 'द क्रिकेट मॅच' (1924) ही कादंबरी ससेक्समधील एका गावाच्या एका दिवसाची. सीगफ्रीड ससूनच्या 'मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन' (1928) या पुस्तकातील सामना गावच्या फुलांच्या प्रदर्शनाच्या दिवशीचा. महायुद्ध पाहून परतलेल्या लेखकाने युद्धापूर्वीच्या जगाकडे टाकलेला तो दृष्टिक्षेप. ए. जी. मॅकडॉनेलच्या 'इंग्लंड, देअर इंग्लंड' (1933) मध्ये लंडनचे लेखक-पत्रकार केंटमधील खेड्यात खेळायला जातात आणि वाचकाला हसवतात. हे सगळे सामने मैत्रीचे आहेत. एल. पी. हार्टलीच्या 'द गो-बिटवीन' (1953) या कादंबरीने मात्र त्या मैत्रीचे अस्तर उलटून दाखवले. 1900च्या उन्हाळ्यात वाड्यावरचा संघ गावाविरुद्ध खेळतो. बाराव्या वर्षाचा बदली खेळाडू लिओ हा टेड बर्जेस या कुळाचा झेल घेतो आणि वाडा जिंकतो. सामन्यानंतर सर्व जण एकत्र बसतात, गातात. तरी कोण कोठे बसणार, हे आधीच ठरलेले असते.

मराठी ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'हे गाव कोणी पाहिले आणि कोठून पाहिले' हा प्रश्न गेल्या अर्धशतकात आपण सतत विचारला आहे. गावाकडे सुट्टीपुरता आलेला डोळा आणि गावातच राहणारा डोळा यांत फरक असतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच प्रश्न येथे विचारला, तर वर उल्लेखिलेल्या लेखनात रविवार भरभरून आहे, शनिवार जवळजवळ नाही, असे उत्तर मिळते. ज्यांनी गिरणीतून सुटून मैदान गाठले, त्यांच्या क्रिकेटला कादंबरीने क्वचितच आसरा दिला.

ठळक अपवाद बाहेरून आला. त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 ते 1937 या काळात नेल्सनचा व्यावसायिक खेळाडू होता. त्या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा अजिंक्यपद मिळवले. 1932 साली त्याच्याकडे राहायला आलेल्या सी. एल. आर. जेम्सने पुढे 'बियॉन्ड अ बाउंडरी' (1963) लिहिले. वसाहतीतून आलेल्या कृष्णवर्णीय माणसाला हे गिरणगाव कसे स्वीकारते, याचे चित्रण त्यात आहे. याच साखळीत आपलीही माणसे होती. सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले. मुंबईचे सुभाष गुप्ते पन्नासच्या दशकात रिश्टनकडून. 1952 साली विनू मांकड हॅस्लिंग्डनशी करारबद्ध होते. लीड्सची कसोटी हरल्यावर भारतीय मंडळाने विनंती केली, क्लबाने त्यांना मोकळे केले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी 72 व 184 धावा काढून पहिल्या डावात पाच बळीही घेतले. ज्या पगारी साखळीवर असौजन्याचा आरोप होता, तिच्यातील एका क्लबाने दाखवलेले हे सौजन्य नोंदवण्याजोगे आहे.

अखेर दक्षिणेचा बांध फुटला. 1968 साली सरे परगण्यातील क्लबांनी साखळी सुरू केली आणि पुढील काही वर्षांत शेजारचे परगणे त्याच वाटेने गेले. 1972 साली खेडेगावांसाठी राष्ट्रीय बाद स्पर्धा सुरू झाली. तिचा अंतिम सामना थेट लॉर्ड्सवर होऊ लागला आणि कॉर्नवॉलमधील ट्रून हे गाव पहिले विजेते ठरले. मिटफर्डने ज्या लॉर्ड्सला गावाचा प्रतिध्रुव मानले होते, तेथे गाव स्वतःच्या पायांनी पोहोचले.

हा प्रवास न्यायाचा होता, असे आम्हाला वाटते. तरीही त्याची किंमत पडली. साखळी सामन्यात प्रतिपक्षाला लवकरात लवकर निष्प्रभ करणे हे कर्णधाराचे कर्तव्य असते. मैत्रीच्या सामन्यात त्याला सामना जिवंत ठेवावा लागतो: डाव योग्य वेळी घोषित करायचा, समोरचे फलंदाज कोसळू लागले की प्रमुख गोलंदाजाला विश्रांती द्यायची, मुलाला दोन षटके द्यायची, आणि तरीही जिंकण्याचा प्रयत्न सोडायचा नाही. प्रतिस्पर्ध्याला खेळात टिकवून धरण्याची ही कला कोणत्याही गुणतक्त्यात बसत नाही. 2014 साली इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने केलेल्या पाहणीत खेळाडूंची संख्या एका वर्षात 9 लाख 8 हजारांवरून 8 लाख 44 हजारांवर आल्याचे दिसले. अकरा माणसे जमेनात, की पहिला बळी जातो तो रविवारच्या सामन्याचा. कारण तो रद्द केल्याने गुण कापले जात नाहीत. आणि रविवार गेला की कच्चा मुलगा व थकलेला म्हातारा या दोघांची मैदानावरील जागाही जाते.

मराठीने 'लीग'ला 'साखळी' म्हटले, हे फार अर्थपूर्ण आहे. साखळी जोडते आणि जखडतेही. तिने गिरणीतल्या माणसाला, लहान गावाला, दूरच्या वसाहतीतून आलेल्या खेळाडूला मोजमापाचा हक्क दिला. मैत्रीने ज्याला कोणतेच मोजमाप लागू पडत नाही अशा माणसाला अकरांत जागा दिली. साहित्याने दुसऱ्या गोष्टीचे गुणगान केले आणि पहिलीकडे पाहिले नाही. म्हणून 'गावच्या क्रिकेट'चे रम्य वर्णन वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना एवढे विचारावे: हा सामना शनिवारचा की रविवारचा, आणि निमंत्रण कोणाला नव्हते?