पळसाला पाने किती?

१/ मुंबई-पुणे जुना रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर वेगळे होतात. गावाच्या नावात पळस ऐकू येतो आणि पळस म्हटला की मराठी माणसाला म्हण आठवते : कुठेही जा, पळसाला पाने तीनच. वनस्पतिशास्त्र मात्र म्हणते, तीन नव्हे, एकच!

२/ हा भेद ठरतो एका कळीवरून. पान फांदीला जेथे जोडलेले असते, तेथील बेचक्यात कक्षकलिका असते. पळसाच्या तीन भागांच्या बुडाशी ती नसते. तिघांच्या सामाईक देठाच्या बुडाशी असते. म्हणून ते एक संयुक्त पान आणि त्याच्या तीन पर्णिका. बेलाचे त्रिदलही तसेच. सातवीण ऊर्फ सप्तपर्णीची एका पेऱ्याभोवतीची पाने मात्र खरोखर स्वतंत्र असतात.

३/ अशा वर्णनाला शिस्त लावण्याचे मोठे श्रेय स्वीडनच्या लिनियसचे. ‘फिलॉसोफिया बोटॅनिका’ या १७५१ च्या ग्रंथात त्याने पान, फूल, फळ यांच्या वर्णनाच्या लॅटिन संज्ञा निश्चित अर्थांनी बांधल्या. झाड न पाहिलेल्या अभ्यासकालाही केवळ वर्णनावरून ते ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू.

४/ पळसाचे शास्त्रीय नावही वर्णनच आहे. ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’मधील दुसऱ्या शब्दाचा अर्थ एकबीजी : त्याच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते.

५/ फुलाची कथा अधिक रंजक. संस्कृताने त्याच्या बाकदार आकारात पोपटाची चोच पाहिली आणि झाडाला किंशुक म्हटले. युरोपीय अभ्यासकांना वाटाण्याच्या कुळातील अशा फुलांत फुलपाखरू दिसले. मराठी परिभाषेत त्याचे ‘पतंगरूप’ झाले.

६/ एकोणिसाव्या शतकात पनवेल ज्या मुंबई इलाख्यात होते, त्या इलाख्याच्या वनस्पतींचे ग्रंथ इंग्रजीत झाले : डॅल्झेल व गिब्सन यांचा १८६१ चा, पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांचा. झाडे इथली, त्यांची देशी नावेही इथली. वर्णनाची भाषा तेवढी परकी.

७/ १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि भाषा संचालनालयही स्थापन झाले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ चा; परिभाषासंग्रह त्याआधीच, १९७३ मध्ये निघाला. ज्ञान मराठीत मांडायचे तर शब्द आधी ठरले पाहिजेत, हे त्या क्रमातून दिसते.

८/ तरीही एकवाक्यता झाली नाही. फुलाच्या बाहेरील हिरव्या मंडलाला विश्वकोश ‘संवर्त’ म्हणतो, शालेय पुस्तके ‘निदलपुंज’. पाकळ्यांच्या मंडलाला तेथे ‘पुष्पमुकुट’, येथे ‘दलपुंज’. शाळेत एक शब्द शिकलेला विद्यार्थी कोश उघडतो, तेव्हा त्याला ओळखीचे फूलही अनोळखी वाटते.

९/ मग म्हण चुकली का? नाही. पत्रावळ लावणारा एकेक पर्णिका खुडून काडीने टाचतो. त्याच्या हिशेबी ती तीन पानेच. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ‘पर्णिका’ हा शब्द हाताशी नसेल, तर त्यांतील फरक मराठीत सांगताच येणार नाही.