सुरुंग वेचणारे हात

छत्रपती संभाजीनगराजवळच्या देवगिरी किल्ल्यास सुरुंगाची ओळख जुनी आहे. इ. स. १६३३ मध्यें मोगल सरदार महाबतखान यानें दौलताबादेस वेढा दिला, तेव्हां तटाखालीं भुयार खणून त्यांत दारू ठासण्यांत आली व बत्ती देऊन तट उडविण्यांत आला. त्या सुरुंगास बत्ती देणारा हात लागे. लढाई सरली कीं त्याचें कार्यही सरे. विसाव्या शतकांतील भूसुरुंगाची रीत निराळी. तो जमिनींत मुकाट पडून राहतो आणि त्यास बत्ती देतें तें बळी पडणाऱ्याचेंच पाऊल. तह झाला, सैन्यें परतलीं, तरी हें त्यास कोणीं सांगावें?

असे सुरुंग वेचणाऱ्यांत रामा राघोबा राणे यांचें नांव अग्रभागीं आहे. कारवारनजीकच्या चेंडिया गांवीं २६ जून १९१८ रोजीं त्यांचा जन्म झाला. १९४० सालीं ते मुंबई सॅपर्समध्यें दाखल झाले व पुढें ब्रह्मदेशांत लढले.

एप्रिल १९४८ मध्यें नौशेराहून राजौरीकडे निघालेली फौज वाटेंतच अडली. शत्रूनें रस्त्यांत सुरुंग पेरले होते व झाडें पाडून वाट बुजविली होती. राजौरींत अनेक महिने छळ सोसणाऱ्या लोकांस एकेक दिवस भारी होता. ८ एप्रिल रोजीं उखळी तोफांच्या माऱ्यांत राण्यांच्या तुकडींतील दोघे पडले व पांच जखमी झाले. त्या पांचांत स्वतः राणे होते. तरीही रणगाड्याच्या पोटाखालीं सरपटत, चालकास दोरीनें खूण करीत, त्यांनीं तो सुरुंगांतून पार नेला. ११ एप्रिलला चिंगसपर्यंत वाट मोकळी झाली आणि फौज राजौरीस पोहोंचली. १९५० सालीं त्यांस परमवीरचक्र जाहीर झालें. १९९४ सालीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

राण्यांनीं वाट उघडली ती फौजेची. शेतकऱ्याच्या व गुराख्याच्या वाटेचा प्रश्न जगानें उशिरा हातीं घेतला. १९९२ सालीं सहा संस्थांनीं चळवळ उभारली. १९९७ सालीं ओटावा येथें माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला, व त्याच वर्षींचें शांततेचें नोबेल पारितोषिक ही चळवळ आणि जोडी विल्यम्स यांस मिळालें. सीमारक्षणाची गरज सांगून भारतानें त्यावर सही केलेली नाहीं. मात्र सुरुंगांच्या वापरास मर्यादा घालणारा दुसरा करार १९९९ सालीं मान्य केला. पुढें २००१-०२ मध्यें पश्चिम सीमेवरील शेतांत पेरलेले सुरुंग काढतांना आपल्याच जवानांस प्राण वेचावे लागले. राण्यांचें काम अद्याप संपलेलें नाहीं, तें असें.