घरी ईव्ही चार्जर बसवताय? आधी वीजबिल आणि भिंतीतली वायर बघा

इलेक्ट्रिक गाडी बुक केली की शोरूममध्ये लगेच पुढचा प्रश्न येतो, "चार्जर कोणता घेणार, साधा की फास्ट?" बहुतेक जण फास्ट म्हणतात आणि घरी येतात. मग इलेक्ट्रिशियन मीटरची पेटी उघडतो, वायरकडे बघून मान हलवतो आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. भिंतीवर लावायचा डबा निवडणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे. त्या डब्यापर्यंत वीज कुठून आणि कशी येणार, हे ठरवणं अवघड असतं. चुकलं तर महागात पडतं तेही तेच.

भिंतीवरचा डबा नेमकं काय करतो?

आपण ज्याला होम चार्जर म्हणतो, तो खऱ्या अर्थाने चार्जर नसतोच. घरात एसी वीज येते आणि बॅटरीला डीसी लागते. एसीचं डीसी करणारं यंत्र गाडीच्या आतच असतं, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा म्हणजे एक हुशार स्विच. तो गाडीशी बोलतो, अर्थिंग ठीक आहे का ते तपासतो, किती अँपिअर ओढायचे ते गाडीला सांगतो आणि काही बिघडलं तर वीज तोडतो.

म्हणूनच चार्जिंगचा वेग डब्यापेक्षा गाडीवर जास्त अवलंबून असतो. एमजी कॉमेट २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचा ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा होता. तिला ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावला तरी ती ३.३ नेच वीज घेणार. टाटा टियागो ईव्हीमध्ये ३.३ आणि ७.२ असे पर्याय मिळतात, महिंद्राच्या बीई ६ साठी ७.२ आणि ११.२ किलोवॅटचे चार्जर आहेत. तुमच्या व्हेरिएंटचा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात असतो. तो वाचल्याशिवाय वॉलबॉक्स मागवू नका. ११ किलोवॅटसाठी घरात थ्री फेज जोडणी लागते, सिंगल फेज असेल तर तो विषय तिथेच संपतो.

७ किलोवॅट खरंच लागतो का?

समजा, गाडी रोज ४० किलोमीटर चालते. शहरात मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण ६ ते ८ किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज ६ युनिटच्या आसपास. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून ६.५ युनिट. गीझर किंवा एसीसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट सुमारे ३.३ किलोवॅट देतो. एवढी वीज भरायला त्याला दोन तास लागतात. गाडी रात्री दहा तास उभी राहिली तर याच पॉइंटवरून जवळपास २०० किलोमीटरची भर पडते.

फरक जाणवतो तो मोठ्या बॅटरीच्या वेळी. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तासांच्या मॉडेलची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला ३.३ किलोवॅटवर नऊ तासांहून थोडा जास्त वेळ लागेल, ७.२ वर सव्वाचार तासांच्या आसपास. रोज १००-१५० किलोमीटर फिरणाऱ्याला, घरात दोन ईव्ही असणाऱ्याला किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे निघणाऱ्याला ७ किलोवॅटचा उपयोग आहे. बाकीच्यांची गाडी पहाटे दोनला भरून सकाळी आठपर्यंत नुसती उभी राहते. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या तेव्हा ७.२ किलोवॅटच्या चार्जरची किंमत ५० हजार आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरची ७५ हजार रुपये सांगितली होती. एवढे पैसे खर्च करायचेच असतील, तर त्यातले आधी वायर आणि अर्थिंगवर घातलेले बरे.

गीझरचा पॉइंट चालतो, मग गाडी का नाही?

गीझर दोन किलोवॅटचा असतो आणि वीस मिनिटांत बंद होतो. गाडी ३ किलोवॅटच्या वर वीज सलग आठ-नऊ तास ओढते. घरातली दुसरी कोणतीही वस्तू सॉकेटकडून इतकं काम करून घेत नाही. त्यामुळे एरवी कधीच त्रास न देणारा सैल स्क्रू, जुना सॉकेट किंवा भिंतीत मधेच मारलेला जोड इथे तापायला लागतो. प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. प्लग काढताना हाताला चटका बसला तर चार्जिंग तिथेच थांबवायचं.

वायरमध्ये तयार होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ अँपिअरवरून ३२ वर गेलं की त्याच वायरमध्ये उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. १६ अँपिअरच्या पॉइंटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी, आणि ती थेट डीबीतून, मधे दुसरा एकही पॉइंट न घेता. ७ किलोवॅटला कमीत कमी ६ चौरस मिलिमीटर लागते, पण हा आकडा अंतर पाहिल्याशिवाय वापरू नये. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल ४० मीटर असेल, तर ६ च्या वायरीत ३२ अँपिअरला जवळपास ८ व्होल्ट गळतात आणि सुमारे २५० वॅट नुसती उष्णता बनून जाते. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हा तोटा दीडशे वॅटच्या आसपास येतो. केबल एकदाच घालायची असते, त्यामुळे इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

जुन्या इमारतींत आणखी एक अडचण असते, ॲल्युमिनियमची वायर. तिच्यावर गाडी लावायचा विचार सोडून द्यावा आणि नवी तांब्याची लाईन ओढावी. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नको, मग तो कितीही 'हेवी ड्यूटी' असो.

अर्थिंग: इथे जुगाड नको

नवीन गाडी घरी आली, प्लग लावला आणि चार्जरवर लाल दिवा लागला, असा अनुभव अनेकांना येतो. गाडीत काही बिघडलेलं नसतं, घराला अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. फ्रीज आणि टीव्ही त्याशिवायही चालतात, म्हणून ते वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर काही वायरमन एक 'उपाय' सुचवतात. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकायचे. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण पुढे कधी तो न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला, तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरू शकते. पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको. अर्थिंग 'बायपास' करणारे अडॅप्टरही याच प्रकारातले. घरी दोन-तीन हजार वाचवण्यासाठी हा धोका पत्करणारा वायरमन बदललेला चांगला.

योग्य मार्ग म्हणजे स्वतंत्र अर्थ पिट किंवा इमारतीच्या चांगल्या अर्थिंगपासून आणलेली वायर. काम झाल्यावर मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असलं की ठीक.

डीबीत गाडीसाठी वेगळी एमसीबी हवी. ७ किलोवॅटला सहसा ४० अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी बसवतात. तिच्याबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. साध्या घरगुती आरसीसीबी बऱ्याचदा 'एसी' प्रकारच्या असतात, गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर त्या आंधळ्या होऊ शकतात. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर 'ए' प्रकारची पुरते, नसेल तर महाग अशी 'बी' प्रकारची लागते. दुकानात हा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याला किती माहिती आहे ते कळतं. उघड्यावर चार्जर बसवणार असाल तर आयपी ६५ दर्जाचा घ्या आणि वीज पडण्याचं प्रमाण जास्त असलेल्या भागात सर्ज प्रोटेक्टरही लावा. गाडीची लाईन इन्व्हर्टरवर घेऊ नका, घरातला इन्व्हर्टर हा भार पेलत नाही.

मंजूर भार आणि टप्प्यांचं गणित

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. तिथे १ किंवा २ किलोवॅट लिहिलं असेल आणि तुम्ही ७ किलोवॅटचा चार्जर लावणार असाल, तर आधी भारवाढीचा अर्ज करायला हवा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेतलं तर अर्जाची कागदपत्रं सहसा तोच तयार करून देतो. थ्री फेज मीटर असलेल्या बंगल्यात चार्जर कोणत्या फेजवर टाकायचा, हेही बघून घ्या. एसी आणि पंप ज्या फेजवर आहेत, तिथेच गाडीही आली तर रोज ट्रिपिंग ठरलेलं.

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर महाराष्ट्रात घरगुती दरच लागतो. हे ऐकायला छान वाटतं, पण घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे साधारण १६० युनिट. ज्या घराचा वापर २०० युनिट आहे, तो ३६० वर जातो, म्हणजे गाडीची काही वीज ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात पडते. घरात दोन एसी असतील तर गाडीची सगळीच वीज वरच्या टप्प्यात जाऊ शकते. त्यामुळे 'किलोमीटरला एक रुपया' वगैरे हिशेब तुमच्या घराला लागू होईलच असं नाही. त्याचं उत्तर तुमच्याच बिलात आहे.

दुसरा पर्याय गाडीसाठी स्वतंत्र जोडणीचा. ईव्ही चार्जिंगची दरवर्गवारी वेगळी आहे आणि तिला असे टप्पे नाहीत. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ग्राहकाला ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. नवीन जोडणीची मुदतही कमी झाली: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. वापर कमी असलेल्या घराला जुनंच मीटर परवडतं. मोठा वापर असेल तर दोन्ही बाजूंचे स्थिर आकार धरून हिशेब करून पाहा.

रात्रीची वीज स्वस्त असते, हाही समज तपासून घ्या. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर. सुट्टीच्या दिवशी गाडी दुपारी लावणं त्यामुळे फायद्याचं. छतावर सौर पॅनेल असतील तर आणखीच चांगलं. ३ किलोवॅटचा संच दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देतो आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

सोसायटी 'नाही' म्हणाली तर?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथे अडतं. कायद्याचा कल गाडीवाल्याच्या बाजूने आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ पासूनच घरी खासगी चार्जिंगला मुभा दिली आहे आणि जानेवारी २०२२ च्या सुधारित सूचनांत सध्याच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येईल असं म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांत किमान २० टक्के पार्किंग ईव्हीसाठी सज्ज ठेवायला सांगितलं. पण केबल जाते ती सामाईक भिंतीवरून आणि डक्टमधून, तिथे सोसायटीला विश्वासात घ्यावंच लागतं.

समितीच्या शंका अगदीच निराधार नसतात. आगीची भीती असते, आणि 'आज एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील' ही चिंताही. दुसरी चिंता आकड्यांत खरी आहे. दहा गाड्या ७ किलोवॅटने एकदम लागल्या तर भार ७० किलोवॅट, ३.३ ने लागल्या तर ३३. इमारतीची मुख्य केबल आणि ट्रान्सफॉर्मर हे ईव्ही येण्याआधीचे असतात. म्हणून प्रत्येकाने आपापली केबल लोंबकळत आणण्यापेक्षा सोसायटीने एकदा भाराचा अभ्यास करून घ्यावा, सगळ्यांसाठी एकच केबल-ट्रे टाकावा आणि उपलब्ध वीज गाड्यांमध्ये आपोआप वाटणारे चार्जर घ्यावेत. तोंडी विचारून 'बघू' हे उत्तर घेण्यापेक्षा लेखी अर्ज द्या. त्यात भार किती, केबल कुठून जाणार, कोणती संरक्षक उपकरणं लावणार आणि बिल कोणाच्या मीटरवर येणार, हे लिहा. ठेकेदाराकडून एक साधा आराखडा जोडला तर चर्चेत भीतीची जागा प्रश्न घेतात.

बसवून झाल्यावर

पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झालं की प्लग, सॉकेट आणि एमसीबीच्या बाहेरच्या भागाला हात लावून पाहा. कोमट चालेल, गरम नाही. डीबीतले स्क्रू महिनाभराने एकदा इलेक्ट्रिशियनकडून आवळून घ्या, कारण रोज तापून-थंड होऊन ते सैल पडतात. आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबा. बटण दाबूनही वीज गेली नाही तर ती आरसीसीबी बदलायची. आणि एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात, विदर्भात जमीन भेगाळते तेव्हा अर्थ पिटमधली ओल जाते, रोध वाढतो आणि पावसाळ्यात नीट चाललेला चार्जर अचानक लाल दिवा दाखवू लागतो. सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी पिटमध्ये दोन बादल्या पाणी ओतून बघा.