उन्हाचा लेप आणि दुपारची सावली



ऐन उन्हाळ्यात व्याख्यानमाला भरते आणि तरीही सभागृहात जागा मिळत नाही, याचे श्रेय वक्त्यांनी फारसे घेऊ नये. चालकांनी व्याख्यानाची वेळ दिवेलागणीची ठेवली आहे, हे त्याचे खरे कारण. हेच व्याख्यान दुपारी एक वाजता ठेवले असते, तर रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला असता. उन्हापासून त्वचेचे रक्षण कसे करावे आणि त्यासाठी घरगुती लेप कितपत उपयोगी पडतो, हा आजचा विषय. त्याचे पहिले उत्तर चालकांनी माझ्याआधीच देऊन ठेवले आहे: उन्हाची वेळ टाळावी. मात्र ज्याची वेळ त्याच्या हातात नाही त्याने काय करावे, हा प्रश्न उरतो. माझे बोलणे मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

मी वैद्य नाही आणि रसायनशास्त्राचा पदवीधरही नाही. आयुष्य कामगारांची संघटना बांधण्यात गेले. जे वाचले ते ग्रंथालयातून आणून रात्री वाचले. या विषयाकडे मी वळलो तो एका डबीमुळे. त्या डबीची गोष्ट शेवटी सांगेन. आधी इतिहास पाहू.

अंगाला काही फासून उन्हाला तोंड देण्याची कल्पना फार जुनी आहे आणि ती एका देशाची नाही. ब्रह्मदेशातील स्त्रिया थानाखा नावाच्या झाडाची साल सहाणेवर पाण्यात उगाळून तिचा पिवळसर लेप गालांवर लावतात. आफ्रिकेत नामिबियाच्या रुक्ष प्रदेशातील हिंबा स्त्रिया लोणकढ्या चरबीत लाल गेरू कालवून तो सर्वांगाला चोळतात. आपल्याकडे चंदनाची उटी आहे, मुलतानी मातीचा लेप आहे. पण आपल्या शेतकऱ्याने उन्हाशी सामना केला तो लेपाने नव्हे. त्याने डोक्याला मुंडासे बांधले, खांद्यावर उपरणे घेतले. त्याच्या बायकोने पदर कपाळापर्यंत ओढला. तांबडे फुटताच औत जुंपावे आणि ऊन डोक्यावर आले की सोडावे, हा त्याचा खरा उपाय. बैल झाडाखाली बांधले की माणूसही तेथेच भाकरी सोडून बसे. त्यात बैलाची काळजी आधी होती, हे खरे. पण बैलाच्या निमित्ताने माणसालाही सावली मिळत असे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग लोलकाने वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे उष्णतामापक ठेवला. पारा चढला. लगेच पुढच्या वर्षी योहान विल्हेल्म रिटर या जर्मन संशोधकाने दुसऱ्या टोकाला, जांभळ्या रंगाच्या पलीकडे, रुप्याचा क्षार ठेवला. तो दृश्य प्रकाशातल्यापेक्षा तेथे लवकर काळवंडला. पहिले ते अवरक्त किरण, दुसरे ते जंबुपार किंवा अतिनील किरण. एकाच सूर्याच्या या दोन निराळ्या करण्या आहेत. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण घरगुती लेपांविषयीचे बहुतेक गैरसमज तो न कळल्यामुळे होतात.

इंग्लंडमधील शल्यवैद्य एव्हरार्ड होम यांना एक कोडे पडले होते. काळा रंग उष्णता अधिक शोषतो. मग उष्ण देशांतील माणसांची कातडी काळी का? त्यांनी आपलेच दोन्ही हात उन्हात धरले, एक उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली. कापडाखालचा पारा अधिक चढला, पण भाजला तो उघडा हात; झाकलेल्याला काही झाले नाही. हा निबंध १८२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्क यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, उष्ण किरण गाळून टाकले तरी त्वचा भाजते आणि अतिनील किरण अडवले की भाजत नाही. तात्पर्य, ऊन तापवते ते निराळे आणि त्वचा जाळते ते निराळे. म्हणून अंगाला गार वाटणे म्हणजे अंगाचे रक्षण होणे नव्हे. चंदन लावल्यावर गार वाटते, कोरफडीचा गर लावल्यावरही वाटते, आणि त्या गारव्याच्या भरवशावर माणूस उन्हात आणखी तासभर उभा राहतो. त्या तासभरात अतिनील किरणांचे काम चालूच असते.

या किरणांचा दीर्घकाळचा परिणाम शास्त्रज्ञांना प्रथम कोणाच्या अंगावर दिसला? हाम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या चेहऱ्यावरील आणि हातांवरील जाड, खरबरीत, पुढे कर्करोगाकडे झुकणाऱ्या त्वचेचे वर्णन केले. फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्युब्रय यांना तेच द्राक्षमळ्यांतील मजुरांत आढळले. १९२८ साली फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून त्यांच्या त्वचेवर कर्करोग उत्पन्न करून दाखवला. म्हणजे ज्या ज्ञानावर आज समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटकाची बाटली विकली जाते, ते ज्ञान मूळचे खलाशाच्या मानेवरून आणि मजुराच्या हातावरून घेतलेले आहे.

उपायाचा इतिहासही मौजेचा आहे. १८९१ मध्ये फ्रीडरिश हॅमर यांनी उन्हापासून रक्षणासाठी क्विनीनचे मलम वापरून पाहिले. क्विनीन म्हणजे सिंकोनाच्या सालीतले द्रव्य, म्हणजे ते वनस्पतिजन्यच. पण ते उपयोगी ठरले ते झाडातून आले म्हणून नव्हे, तर ते अतिनील किरण शोषते हे तपासून पाहिले म्हणून. १९३५ साली फ्रान्समध्ये यूजीन श्युलर यांच्या लोरेआल कंपनीने ‘आंब्र सोलेर’ नावाचे तेल काढले. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या जून महिन्यात, तेथील कामगारांनी प्रचंड संप करून पगारी रजेचा कायदा मिळवला. वर्षाला दोन आठवड्यांची ती रजा घेऊन फ्रेंच कामगार कुटुंबे, कित्येक तर जन्मात प्रथमच, समुद्रावर गेली. उन्हाच्या तेलाला गिऱ्हाईक मिळाले ते असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना लाल व्हॅसलिनसारखा एक चिकट पदार्थ देण्यात आला. युद्धानंतर मलमांचा धंदा वाढला आणि १९७४ मध्ये फ्रान्झ ग्रायटर यांनी संरक्षणाचा तो आकडा प्रचारात आणला, जो आज प्रत्येक बाटलीवर ‘एसपीएफ’ म्हणून छापलेला असतो. त्वचा लाल होण्यास जेवढे किरण लागतात त्याच्या किती पट किरण मलम लावल्यावर लागतील, हे तो आकडा सांगतो. मात्र ही चाचणी मलमाच्या जाड थराची असते. आपण लावतो तो थर बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

या मलमांचा उपयोग होतो का? होतो. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेंहून अधिक प्रौढांवर प्रयोग झाला. रोज मलम लावणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळले. ते लोक बहुतांशी गोरे होते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्यामुळे हा रोग आपल्याकडे पुष्कळच कमी आहे. कोणी भीती घालून बाटली विकू लागला तर हे लक्षात असू द्यावे. पण मेलॅनिन म्हणजे कवच नव्हे. सावळी त्वचाही भाजते, डागाळते, अकाली सुरकुतते. डोळ्यांना तर मेलॅनिनचा आधार फारच थोडा. मोतीबिंदू वाढण्यास उन्हाचा हातभार लागतो. आणि ज्यांना अंगावर कोड आहे, किंवा जन्मतः ज्यांच्या त्वचेत रंगच नाही, त्यांना ऊन हा खराखुरा शत्रू आहे. त्यांनी मलम चैनीचे समजू नये. ते त्यांचे औषध आहे.

आता घरगुती लेपांकडे वळू. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवते. पण किरण अडवण्याची त्याची शक्ती इतकी थोडी की दिवसभराच्या उन्हात तिचा भरवसा धरणे व्यर्थ. कोरफड आणि चंदन ही उन्हातून आल्यावर लावावीत, उन्हात जाण्यासाठी नव्हेत. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणून घरी तेलात घोटण्याची कृती हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगतात. झिंक ऑक्साइड किरण अडवते यात संशय नाही. बाजारातील कित्येक मलमांत तेच असते. पण हाताने घोटलेल्या पुडीच्या गुठळ्या होतात, थर कोठे दाट तर कोठे विरळ बसतो, आणि वरून चेहरा पांढरा दिसत असला तरी मधल्या फटींतून किरण आत जातात. असा लेप किती रक्षण करतो हे तपासण्याचे साधन कोणत्याही स्वयंपाकघरात नाही.

याहून गंभीर गोष्ट लिंबाची. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड येतात आणि पुढे काळे डाग महिनोन्महिने राहतात. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, असलेली काही द्रव्ये उन्हाचा दाह वाढवतात. हे आपल्या पूर्वजांना अनुभवाने अगदी अपरिचित नव्हते. कोडावर बावची लावून रोग्याला उन्हात बसवण्याची चिकित्सा आयुर्वेदात आहे, आणि बावचीत त्याच जातीचे द्रव्य असते. वनस्पती उन्हाला अडवते तशी उन्हाला मदतही करते. तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्धास्तपणाचा दाखला नव्हे. दगडी कोळशाच्या डांबराचाही असाच गुण आहे. ते अंगावर उडालेला मजूर उन्हात उभा राहिला की त्याची त्वचा साध्या उन्हापेक्षा अधिक भाजते.

मग घरी करण्यासारखे काय आहे? कापड. घट्ट विणीचे, सैल शिवलेले, पुऱ्या बाह्यांचे कापड. विरळ विणीचे पांढरे सुती कापड घामाने भिजले की त्यातून किरण अधिक जातात. गडद रंगाचे कापड अधिक अडवते, पण तापते, म्हणून ते सैल हवे. मान आणि कान झाकणारी रुंद काठाची टोपी, नाहीतर पदर किंवा पंचा. आणि एक फुकटचे मापयंत्र प्रत्येकाच्या पायाशी आहे: आपली सावली. ती आपल्यापेक्षा लांब असेल तोवर किरणांचा जोर कमी. आखूड झाली की सावध व्हावे. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्याकडे भर दुपारी ती अगदी पायाखाली येते.

आता ती डबी. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामावर आम्ही तीन मागण्या ठेवल्या होत्या: सावलीसाठी मांडव, पिण्याचे पाणी, आणि बारा ते तीन काम बंद. चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने खडी उचलणाऱ्या बायकांना एकेक डबी वाटली. आत खोबरेल तेल आणि कोरफडीचा गर. पूर्ण नैसर्गिक, घरी केलेले, असे त्याने सांगितले. बायकांनी त्या घेतल्या. त्यांतल्या एका वयस्क बाईने मला बाजूला घेऊन विचारले, “दादा, ही डबी सावलीसंगं हाय, का सावलीबदली?”

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. पण सारा विषय त्या प्रश्नात होता. सावलीबरोबर आलेली डबी हा उपचार. सावलीच्या बदल्यात आलेली डबी ही फसवणूक. बोलणी पुन्हा झाली. ताडपत्री मिळाली, पाण्याचा टँकर मिळाला, काम पहाटे सुरू होऊन बाराला थांबू लागले. हे त्या एका कामापुरते. पुढच्या कामावर सारे पुन्हा मागावे लागले.

दुपार मागणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जो अर्ज केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ही त्यातील एक मागणी होती. १८९० मध्ये रविवार मिळाला आणि १८९१ च्या कायद्याने मधली अर्ध्या तासाची सुट्टी दिली. पण तो कायदा कारखान्यातल्यासाठी होता. छपराखालच्या कामगाराला अर्धा तास मिळाला. उघड्यावरचा मजूर त्या कायद्याच्या बाहेर राहिला. आखाती देशांत, जेथे आपली हजारो माणसे बांधकामावर आहेत, तेथे गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात दुपारचे उघड्यावरील काम बंद ठेवण्याचे नियम झाले आहेत. कतारमध्ये २०२१ पासून ही वेळ सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी आहे. म्हणजे हे अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२३ मध्ये मिळून केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे १६० कोटी माणसे कामाच्या निमित्ताने या किरणांखाली येतात, आणि उन्हातल्या कामामुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाने २०१९ या एका वर्षात सुमारे एकोणीस हजार माणसे मृत्यू पावली.

आपण सारे सुशिक्षित, छपराखाली बसणारे लोक आहोत. आपल्या दारात घर बांधणारे गवंडी आहेत, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाया आहेत, दुपारी दोनला जेवणाचा डबा किंवा सामान घेऊन येणारी पोरे आहेत. घरी लेप करावयाचा असेल तर अवश्य करा. ऊन उतरल्यावर लावा, बरे वाटेल. पण घराचे काम काढाल तेव्हा ठेकेदाराशी बोलतानाच मांडव, पाणी आणि दुपारची सुट्टी ठरवून घ्या आणि त्याचे पैसे मजुराच्या रोजातून कापू नका. जे सामान संध्याकाळी आले तरी चालेल ते दुपारी मागवू नका. त्या बाईला मी तेव्हा जे उत्तर देऊ शकलो नाही, ते देणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात थोडेथोडे आहे.